पाणी कुणाच्या हद्दीतलं?

लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठं आहेत. तिथल्या कुणाला आधुनिक राज्यकारभारावर प्रबंध लिहायचा असेल, तर परदेशी जायचं कारण नाही. टेकडी पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातलीच, नुसतं खाली उतरलं की झालं. उतरताना गमबूट मात्र घालावेत.

पहिलं प्रकरण हिंजवडीचं. सातबारा, फेरफाराला तहसील कचेरी पौडला. आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, त्यांना लागून असलेल्या गावाला ग्रामपंचायत. नियोजन 2015 साली जन्मलेल्या पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पोलीस 2018 पासून पिंपरी-चिंचवडचे, आणि महापालिका? ती वेशीपर्यंत येऊन थांबते. पाऊस अडाणी, त्याला हद्द कळत नाही, तो सगळीकडे एकदम पडतो. 2025च्या जूनमध्ये तसाच पडला. ओढे कुठे बुजवलेले, कुठे वळवलेले. पाणी रस्त्यावर आलं आणि कोट्यवधींची निर्यात करणारे इंजिनिअर गुडघाभर पाण्यात उभे राहिले. जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे पाहणीला येऊन गेले. पहाटेची वेळ उत्तमच. रस्ता मोकळा असतो.

सतराशे साठ यंत्रणा असल्यामुळे घोळ होतो, असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी दुसरं प्रकरण, याच तालुक्यातल्या लवासा या नव्या नगराचं. 2008 साली सरकारने लवासा कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण करून टाकलं. नगर वसवणार कंपनी, नकाशे मंजूर करणार कंपनी. एक खिडकी योजना आपण पुष्कळ पाहिल्या. खिडकीच्या आत आणि बाहेर एकच माणूस उभा असलेली ही पहिलीच. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवलं, 2017 मध्ये राज्याने दर्जा काढून घेतला, 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. घरासाठी पैसे भरलेल्यांनी मग कुठली खिडकी ठोठावायची, हे योजनेत नव्हतं.

तिसरं प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचं, आणि खरं तर पहिलं तेच. मुळशीचं धरण टाटांचं, जमीन मावळ्यांची, संपादन मात्र सरकारी कायद्याने. खासगी-सार्वजनिक भागीदारी हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता, धंदा जन्मला होता. 1921 साली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं पाण्याखाली गेली.

कार्यक्षमता बघायची तर तीही इथेच. मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी अख्खा सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला उतरवलं आणि 1927 पासून त्यावर वीज होऊ लागली. डोंगर फोडला, जिल्हा बदलला, कुणाची हद्द आडवी आली नाही. त्याच मुळा नदीत हिंजवडीचं पावसाचं पाणी पोचवायचंय. मध्ये डोंगर नाही. एक रस्ता आहे, आणि तो कुणाचा यावर बैठक आहे.