निवडीचा घाट

नाशिककर हार्डटेल सायकल घेतो ब्रह्मगिरीच्या पायवाटांसाठी आणि चालवतो मिसळीपर्यंत. घेण्याआधीचे काही महिने चौकशीत जातात. पुढच्या सस्पेन्शनला १२० मिलिमीटरचा खेळ हवा की १४०चा, यावर कॉलेज रोडला जेवढा खल होतो तेवढा लग्नाच्या स्थळावरही होत नसेल.

खरं तर हार्डटेलचं गणित सरळ आहे. पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. मागचे धक्के गुडघ्यांनी सोसायचे. म्हणूनच वजन कमी, देखभाल कमी, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात पिशवी आरामात मावते. अंजनेरीच्या पायथ्याचा मुरूम आणि भंडारदऱ्याचा मुक्काम, दोन्ही एकाच सायकलवर जमतात. आपल्या मापाची फ्रेम, सव्वादोन इंचांच्या आसपासचे टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, सामानासह घाट चढवणारा हलका गिअर आणि कॅरिअर बसवायला भोकं एवढं पाहिलं की निवड संपली. पण ती संपली तर रविवारी बोलायचं काय?

याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सायकल शर्यतीचं सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर नऊ दिवसांच्या आत कापलं. तेवढ्या वेळात आमच्याकडे पेडल प्लास्टिकचं की धातूचं, हेही ठरत नाही.

बरं, ट्रेलसाठी तरी घाई कशाला? पहिल्या पावसानंतर ती आपणहून सोसायटीच्या फाटकाशी येते.