गुरुजी आले का?

लिस्पचा प्रोग्रॅम कंपाइल करायचा म्हणजे घरात कार्य काढण्यासारखं आहे. सीमध्ये हेडर दिसलं की कंपायलरचं समाधान होतं. खुद्द लायब्ररी लिंकिंगच्या वेळी उगवली तरी चालते. लिस्पमधलं साधं फंक्शनही असंच, पाहुण्यासारखं. पंगतीला पोचलं तरी पुरे. मॅक्रो मात्र गुरुजी. तो कंपाइल होतानाच कोड उलगडून देतो, म्हणजे मुहूर्ताआधी मेमरीत हजर हवाच. नसला तर कंपायलर त्यालाच पाहुणा समजून, थोडी कुरकुर करून, पुढे सरकतो आणि बोंब उठते ती प्रोग्रॅम चालवताना.

ही हजेरी नेमून देण्याचं काम एएसडीएफचं. डॅनियल बार्लो यांनी ते दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. कोण कोणावर अवलंबून, हे त्याला फाइलीत 'डिपेंड्स-ऑन'पुढे लिहून द्यायचं. नेटवरून लायब्रऱ्या आणायला २०१० पासून झॅक बीन यांचं क्विकलिस्प आहे. 'बीटा'ची पाटी त्याने वर्षानुवर्षं मोठ्या निष्ठेने मिरवली.

खरी गंमत वेगळीच. लिस्पवाले सत्र बंद करत नाहीत. एखाद्या दुपारी कुणी प्रॉम्प्टवर क्विकलोड करून अलेक्झांड्रिया ही लायब्ररी मागवतो, चार ओळींत वापरतो आणि डिपेंड्स-ऑनमध्ये नोंदवायचं विसरतो. ती मेमरीत बसलेलीच असते, त्यामुळे सगळं सुरळीत. या चालत्या मेमरीला इमेज म्हणतात आणि तिच्याइतकं भिडस्त यंत्र मी पाहिलेलं नाही. मालकाची चूक ती चारचौघांत कधी काढत नाही. मग सहकारी कोऱ्या मशीनवर तेच कंपाइल करतो आणि पहिल्याच फाइलीत कळतं की अलेक्झांड्रिया नावाचं पॅकेजच अस्तित्वात नाही. "माझ्याकडे तर चालतंय!" हे वाक्य इथे शंभर टक्के खरं असतं, म्हणून जास्तच चीड आणतं. अधूनमधून एसबीसीएल, म्हणजे आपला लिस्प कंपायलर, नव्याने सुरू करून सगळं कोरं लोड करून बघावं. चहा होतो तेवढ्यात. आयर्नक्लॅडसारखी अवजड लायब्ररी असेल तर दोन कप.

या कटकटीला कंटाळलेल्यांसाठी 'सेव्ह-लिस्प-अँड-डाय' आहे. सगळी मेमरी एका फाइलीत ओततं आणि शब्दाला जागून मरतं. 'हॅलो' म्हणणारा प्रोग्रॅमही तीस-चाळीस एमबीचा होतो, कारण कंपायलरसुद्धा आत बसलेला असतो. एवढं बिऱ्हाड पाठीवर घेऊन प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो आणि सुरू होताच ओपनएसएसएल मागतो. ती सीमधली लायब्ररी, ती गाठोड्यात येत नाही.