तुम्हीच दिला असणार!

बँक लुटली गेली की तो ‘सायबर हल्ला’. ग्राहक लुटला गेला की तो ‘निष्काळजीपणा’. क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत येतं. बाकीचा मजकूर फॉर्म भरण्यापुरता.

आमच्या कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातल्या एका निवृत्त मास्तरांची या शास्त्राची शिकवणी नुकतीच झाली. मास्तर पासबुक भरायला शाखेत गेले होते. तिथं टाय लावलेल्या एका पोरानं ‘मास्तर, लाइफटाइम फ्री आहे, घेऊन टाका’ म्हणत चार सह्या घेतल्या. आठवड्यात कार्ड घरी आलं आणि कपाटात गेलं. नातवानं ते एकदा बाहेर काढलं, कुठल्याशा परदेशी ॲपची वर्गणी भरली, त्यासाठी परदेशी व्यवहारांचं बटण चालू केलं आणि ते तसंच चालू ठेवून तो पुण्याला निघून गेला.

एका शुक्रवारी रात्री मेसेज आला. डॉलरमध्ये. सकाळी चष्मा लावून वाचला तेव्हा मास्तरांना कळलं की आपण रात्री साडेअकराला परदेशात खरेदी केली. साडेअकराला मास्तर घोरत असतात. मास्तरीणबाई साक्ष द्यायला तयार आहेत, शेजारीही तयार आहेत.

फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, कार्डासाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे इतक्या वेळा ऐकलं की मास्तरांना ते खरं वाटायला लागलं. मग आवाज आला.

‘सर, ओटीपी कुणाला सांगितला होता का?’

‘ओटीपी आलाच नाही, बाई.’

‘सर, ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही.’

‘मग हा कसा झाला?’

‘सर, म्हणून तर विचारतेय, ओटीपी कुणाला सांगितला होता का?’

हयातभर भूमिती शिकवलेल्या माणसाला असं गोल उत्तर कुणी दिलं नव्हतं.

त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. समोरच्या पडद्यावर जे लिहिलंय ते त्या वाचतात. पण पडद्यावर जे लिहिलेलं नसतं ते असं. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी हवी, हा नियम रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये आणला, तो देशातल्या व्यवहारांसाठी. परदेशी साइटवर कार्डाचे सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर माल सुटू शकतो. हे आकडे चोराला मिळायला मास्तरांनी तोंड उघडावं लागत नाही. जिथं कधीतरी कार्ड वापरलं त्या दुकानाची माहिती फुटली तरी पुरतं. म्हणूनच २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात आणि ग्राहकानं स्वतः चालू करायचे असतात. बँकेला हे ठाऊक असतं. तरी पहिला प्रश्न ओटीपीचाच.

एव्हाना बावड्यातल्या भगवा चौकात बातमी पोचली होती. तिथंही पहिला सवाल तोच, ‘मास्तर, ओटीपी दिलासा व्हय?’ ‘ओटीपी सांगू नका’च्या जाहिरातीवर बँकेनं केलेला खर्च वाया गेलेला नाही.

दुसरा शनिवार आणि रविवार ओलांडून मास्तर सोमवारी शाखेत गेले. ‘कार्डाचं डिपार्टमेंट वेगळं असतंय, मुंबईला,’ असं कळलं. ‘विकताना तर ते या टेबलावर होतं,’ मास्तर म्हणाले. टायवाला पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. साहेबांनी मार्ग दाखवला, ‘एफआयआरची कॉपी आणा, मग बघू.’

आता हे बावड्याच्या माणसाला सांगणं म्हणजे कमाल. कसबा बावडा रोडवर पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आहे, जिल्हा न्यायालयाची इमारत आहे. कायदा आणि सुव्यवस्था दोन्ही आम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर. पण चोर कुठल्या हद्दीतला? सर्व्हर एका देशात, दुकान दुसऱ्या, माल तिसऱ्या. मास्तरांना पोलिसांकडे सांगण्यात आलं, ‘आधी १९३० ला फोन करा, नाहीतर पोर्टलवर तक्रार टाका.’ खरं तर हा सल्ला बरोबर होता. १९३० ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि पैसा पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवायचा तर तोच जवळचा रस्ता. पण बँक म्हणते पोलीस, पोलीस म्हणतात फोन, फोन म्हणतो प्रतीक्षा करा. चोरानं एवढं फिरवलं नव्हतं. त्याचं काम एका फटक्यात झालं होतं.

आता गंमत ऐका. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकानं किती सोसायचं, याचं ते गणित. चूक बँकेची असेल तर ग्राहकानं शून्य सोसायचं, मग तो कळवो वा न कळवो. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच कुठंतरी माहिती फुटली, आणि ग्राहकानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवस लावले तर मर्यादित फटका: कार्डाची मर्यादा पाच लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावर असेल तर २५,०००. सातच्या पुढं गेलात तर बँकेचं धोरण आणि तुमचं नशीब. दिवस मोजायचे ते आपल्या शाखेच्या कामाचे, आणि मेसेज आला तो दिवस सोडून. मास्तरांचा मेसेज शुक्रवारी रात्रीचा, म्हणजे बुधवारपर्यंत वेळ होता. त्यांनी शनिवारी सकाळीच कळवलेलं. फटका ठरतो तो कळवायला किती दिवस लागले यावर. एफआयआरची कॉपी किती ठळक निघाली यावर नाही.

पुढं आणखी आहे. तक्रार कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यावर जमा करायची. विम्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणायचं नाही. नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि सगळ्यात गोड वाक्य: चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. म्हणजे ‘तुम्हीच दिला असणार’ हे बँकेनं पुराव्यानिशी दाखवायचं. मास्तरांनी घोरण्याचे साक्षीदार गोळा करायची गरज नाही.

हे एवढं सगळं लेखी असताना सांगत का नाहीत? अहो, बावड्याला हे नवीन नाही. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) द्यायची आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आदेश वाचून कुणाचं बिल जमा झालंय असं ऐकिवात नाही. शेतकरी ट्रॅक्टर अडवतो, रस्त्यावर बसतो, तेव्हा कुठं कायद्याला पाय फुटतात. कार्डवाल्यांची पंचाईत एवढीच की अडवायला ट्रॅक्टर नाही. कॉल सेंटरच्या दारात बसावं म्हटलं तर दारच सापडत नाही.

आणि २०१९ च्या लोकसभेला कोल्हापूरभर गाजलेली ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा आठवा. बँकेच्या तक्रार निवारण विभागाचं फोन उचलण्याआधीच ठरलेलं असतं.

आता निष्काळजीपणाच्या मुद्द्यावर या. ११ ऑगस्ट २०१८. तोही दुसरा शनिवार. चोरांना बँकेच्या सुट्ट्या आपल्यापेक्षा पाठ असतात. पुण्याच्या कॉसमॉस या १९०६ साली स्थापन झालेल्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं. एटीएमकडून येणारी विचारणा खऱ्या सर्व्हरपर्यंत पोचूच दिली नाही. मध्येच एक बनावट यंत्रणा बसवून तिनं प्रत्येक बनावट कार्डाला ‘द्या, द्या’ म्हणायला सुरुवात केली. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातून आणखी अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यावर जवळजवळ १४ कोटी गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. देशातल्या रकमेतला मोठा वाटा कुठून निघाला असेल? कोल्हापूरच्या एटीएममधून. सुमारे ८९ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ मध्ये या दरोड्याचं बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. ही सगळी पैसे काढण्याच्या बाजूची मंडळी. उत्तर कोरियाचा माणूस तारखेला हजर राहिला नाही.

त्या वेळी कॉसमॉसनं सांगितलं की ग्राहकांच्या खात्यातला पैसा सुरक्षित आहे, आणि तो सुरक्षित होताही. पण एक निरीक्षण नोंदवून ठेवा. बँकेकडे संगणक विभाग असतो, भिंतीएवढे सर्व्हर असतात, सल्लागार कंपन्या असतात, ऑडिट असतं. एवढं असूनही बँक फसली तेव्हा ‘तुम्हीच पासवर्ड कुणाला दिला असणार’ असं तिला कुणीही विचारलं नाही. सगळे म्हणाले, ‘फार अत्याधुनिक हल्ला होता हो.’ मास्तरांकडे काय होतं? एक चष्मा आणि कपाटाची किल्ली. तरी बेसावध ते.

ओटीपी सांगू नका, हे सांगायला हरकत नाही. त्यात खरंही आहे. ओटीपी, पिन आपण होऊन सांगितला तर तक्रार कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, असं तेच परिपत्रक म्हणतं. मात्र कळवल्यानंतर पुढं जे जाईल ते बँकेच्या माथी, हेही तेच परिपत्रक म्हणतं. म्हणून ओटीपी दिला असेल तरी लाजून गप्प बसू नये, लगेच फोन लावावा. जून २०२५ पर्यंत खुद्द अमिताभ बच्चन आपल्या प्रत्येक फोनच्या आधी येऊन सायबर चोरांपासून सावध करून जायचे. घाईच्या कॉललाही आधी ते, मग अ‍ॅम्ब्युलन्स. पण ‘तीन दिवसांत कळवा, दहा दिवसांत पैसे मागा, सिद्ध बँकेनं करायचंय’ हे सांगायला एकही नट मिळाला नाही. आपलं कर्तव्य खर्जातल्या आवाजात ऐकवतात. आपला हक्क बँकेच्या वेबसाइटच्या तळाशी, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

बँकांची आणखी एक थोरवी. दुपारी जेवताना कुठल्याही मोबाइल नंबरवरून फोन येतो. ‘सर, कार्डाची लिमिट वाढवायची आहे, जन्मतारीख कन्फर्म करा.’ हा खरोखरच बँकेचा माणूस असतो. संध्याकाळी त्याच बँकेचा मेसेज येतो, ‘अनोळखी नंबरवर माहिती देऊ नका.’ दुपारी काढलेलं सोवळं संध्याकाळी आपल्याला नेसायला लावतात. आता बँकांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आलेत. बघू, लिमिट वाढवणारा पोरगा तिकडं कधी जातो ते. त्याच २०१७ च्या परिपत्रकात असंही आहे की व्यवहाराच्या मेसेजला तिथल्या तिथं उत्तर देऊन हरकत घेता आली पाहिजे. फोन उघडा, बँकेच्या मेसेजला उत्तर देता येतंय का ते स्वतःच बघा.

तर मास्तरांनी काय केलं? आधी कार्ड बंद केलं. मग तक्रार क्रमांक, तारीख, वेळ एका वहीत लिहिली. मग फुलस्केपवर मराठीत पत्र लिहिलं: मेसेज कधी आला, कळवलं कधी, ओटीपी आला नाही, परिपत्रकाची तारीख अमुक, दहा कामाच्या दिवसांची मुदत तमुक तारखेला संपते, पोच द्यावी. पोच म्हटल्यावर शाखेत जरा शांतता पसरली. पुढच्या बिलात ती रक्कम दंडव्याजासकट आली, तेव्हा दुसरं पत्र: फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कसलाही आकार लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा क्रेडिट कार्डांबाबतचा निर्देश आहे. तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, तिथं फी लागत नाही. तिसरं पत्र दिल्यावर चारच दिवसांत रक्कम जमा झाली. सोबत मेसेज: ‘सदिच्छा म्हणून.’

सदिच्छा! नियमानं देणं लागत होतं ते उपकार म्हणून दिलं, आणि वर आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल असंही विचारलं. मास्तरांनी सवयीनं उत्तरपत्रिका तपासली. रीत चुकली, उत्तर बरोबर, म्हणून पाचपैकी एक.

तुमच्यावर ही वेळ आलीच, तर पाठांतरासाठी एवढंच. पलीकडून ‘सर, ओटीपी तुम्हीच दिला असणार’ असं आलं की चिडायचं नाही, शपथा घ्यायच्या नाहीत, नातवाला शिव्या द्यायच्या नाहीत. शांतपणे म्हणायचं, ‘असं तुम्ही कशावरून म्हणता, ते लेखी द्या.’ पलीकडे क्षणभर कुणीच बोलणार नाही. मग येईल, ‘सर, एक मिनिट, सीनियरना कनेक्ट करते.’ आणि प्रतीक्षेचं संगीत सुरू होईल. फोन ठेवू नका. या वेळी वाट बघायची पाळी त्यांची आहे.