कै. क्रॉफर्डसाहेबांस एका करदात्याचे अनावृत पत्र

मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, मेहेरबान आर्थर क्रॉफर्डसाहेब यांचे हुजुरास,

घरपट्टी भरणाऱ्या एका इसमाचा सलाम. विनंती विशेष. आपणांस परलोकी जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि तेथे नगरसुधारणेचे काही काम निघाले असल्यास त्याचा बोजा कोणत्या पुण्यवंतांवर बसविला आहे, हे समजावयास येथे मार्ग नाही. तथापि इकडे जुन्या पेठांचा कायापालट करण्याचे जे पर्व सुरू आहे, त्याची अंदाजपत्रके चाळताना पदोपदी आपले स्मरण होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली मंडई सुखरूप आहे. इमर्सनसाहेबांनी आखलेली आणि लॉकवुड किपलिंग यांनी शिल्पांनी मढविलेली ती इमारत १८६९ साली पुरी झाली, १८८२ साली तीत विजेचे दिवे लागले, आणि अद्यापही तिच्या कमानीखाली आंब्याच्या पेटीवरून घासाघीस करणाऱ्या एकाही गृहस्थास ती बांधण्यास काय खर्च आला असेल हा प्रश्न शिवत नाही. फक्त तिचे नाव बदलले. ती आता महात्मा जोतिबा फुले मंडई झाली आहे, आणि या नामकरणातील मर्म आपल्यासारख्या खर्चिक पुरुषास विशेष रुचेल, कारण पुणे म्युनिसिपालटीचे सभासद असताना, तेथे मंडईची भव्य इमारत उठविण्यापेक्षा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असे निक्षून सांगणारे हेच ते जोतिराव. पुढे ती इमारत रे मार्केट म्हणून उभी राहिली, आणि आज तिलाही त्यांचेच नाव आहे! विरोधकाचे तोंड बंद करण्याचा याहून सन्माननीय उपाय आपल्या काळी कोणास सुचला नव्हता.

अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, १८६५ साली शेअरांचा फुगा फुटला, आणि ज्या वर्षी निम्मी मुंबई दिवाळखोर झाली त्याच वर्षी आपण तिच्या तिजोरीपाशी येऊन बसलात, ही ग्रहदशा आपली नव्हे, आमची. नव्या कायद्याने कारभाराची सर्व सूत्रे आपल्या हाती दिली होती. हिशेब विचारण्याचा हक्क जस्टिसांच्या मंडळास होता, परंतु तेथे सरकारनियुक्त प्रतिष्ठितांचाच भरणा. रस्ते झाले, गटारे झाली, घाण हटली, हे आपल्या शत्रूंनीही नाकारले नाही. मात्र देणे वाढत गेले, आणि १८७१ साली करदाते खवळले. सव्वीस वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता तेवढे आपल्या कर्तबगारीच्या बाजूने उभे राहिले. दोष कमिशनरात नसून करदात्यांनी निवडलेले मंडळ त्याच्यावर नाही यात आहे, असे त्यांचे म्हणणे. आपण गेलात, १८७२ चा कायदा आला, आणि चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले. म्हणजे या शहरास मताधिकार मिळाला तो कोणा उदात्त तत्त्वचिंतनातून नव्हे, तर आपण करून ठेवलेल्या देण्यातून.

आता आनंदाची वार्ता. २०२२ च्या मार्च महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. योजना मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमल करणारेही तेच; आपल्या १८६५ च्या कायद्यातही इतकी सुटसुटीत व्यवस्था नव्हती, कारण आपणांस निदान जस्टिसांची भुणभुण ऐकावी लागे. रहिवाशांकडून हरकती व सूचना हल्लीही मागविल्या जातात. त्यांचे जतन दफ्तरखान्यात अत्यंत काळजीपूर्वक होते. अशा वेळी आपण नसावे, हे दुर्दैव. निदान आपण असता तर पैशाच्या बदल्यात इमर्सनसारखा वास्तुरचनाकार आणि पाहण्यासारखी कमान तरी पदरात पडली असती.

ता. क. पुण्यातील १८८८ सालच्या चौकशीचा उल्लेख सौजन्यास्तव टाळणार होतो. परंतु आपण लाच घेतल्याचे शाबीत झाले नाही, आणि ती दिल्याचे अभय मिळाल्यावर कबूल करणाऱ्या काही मामलेदारांच्या मात्र नोकऱ्या गेल्या, हे वाचल्यापासून घरपट्टीची पावती मी कुलुपात ठेवू लागलो आहे.

आपला आज्ञाधारक,
एक करदाता