पन्नास वॉटचा धसका

नाना सत्तावीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीवर होते. भट्टी म्हणजे इंडक्शन फर्नेस. भंगार टाकायचं, वितळवायचं, सोळाशे अंशांच्या आसपास आलं की लॅडलमध्ये ओतायचं. पुढे त्याची बिलेटं आणि बिलेटांच्या सळया. या एका घाण्याला कारखान्यात ‘हीट’ म्हणतात. माणसं नोकरी वर्षांत मोजतात, नाना हीटमध्ये मोजायचे. स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा ते ‘दुसरी हीट काढून’ आले होते, असं काकू सांगतात, आणि सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो.

अशा माणसाने दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बोटभर काचेच्या नळीपुढे हात टेकले.

झालं असं, की पुण्याला असलेल्या मुलाची बदली झाली आणि त्याच्या फ्लॅटमधली दोन फुटी टाकी, सहा मॉली आणि दोन एंजल जालन्याला नानांच्या बैठकीत येऊन पोचले. मागोमाग नातीचा फोन. ‘नाना, पाणी पंचविसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ठिपक्यांचा आजार होतो त्यांना.’ जालन्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो. टाकीसोबत आलेला हीटर तडकलेला निघाला. नानांनी मुलाला फोन करून रीतसर चौकशी लावली. निष्पन्न काय, तर सुपुत्राने बटण बंद केलं आणि त्याच पावली हीटर बाहेर काढून ओल्या फरशीवर ठेवला. गरम काच, गार फरशी. नानांनी निकाल दिला, ‘फुटला. म्हणजे फुटतो.’

त्यांच्या धास्तीला कारण होतं. वितळलेल्या लोखंडाखाली थोडं जरी पाणी अडकलं तरी त्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ वरचं लोखंड घेऊनच बाहेर येते. त्यामुळे पावसाळ्यात ओलं भंगार किंवा झाकण न उघडलेला डबा भट्टीकडे निघाला की नाना त्याच्यावर घारीसारखी झडप घालत. पाणी आणि ताप यांची गाठ पडू द्यायची नाही, याचाच त्यांनी जन्मभर पगार घेतला. आणि आता नात म्हणत होती, ताप पाण्यातच ठेवा.

‘पण नाना, तुमच्या भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून पाणीच फिरतं ना?’ मी एकदा फार हुशारीने विचारलं.

‘म्हणून तर सत्तावीस वर्षं झोप नाही,’ नाना म्हणाले.

बाजारातल्या माशांच्या दुकानात मी त्यांच्यासोबत तीनदा गेलो. (ते एकटे किती वेळा गेले, हे दुकानातल्या पोराला विचारावं.) पहिल्या दिवशी पोराने उत्साहाने डबी पुढे केली. ‘एकदम ऑटोमॅटिक, चाचा. पानी गरम हुआ की बंद, ठंडा हुआ की चालू.’

‘आणि बंद झालाच नाही तर?’

पोराने आजवर पुष्कळ हीटर विकले असतील, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. ‘होता है ना बंद, चाचा.’

‘कसा होतो?’

मग काउंटरवर नानांचा वर्ग भरला. नळीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, वीज तुटते. गार झालं की पट्टी सरळ. पण दर उघडझापीला तिथे बारीक ठिणगी पडते, आणि कधीतरी तो कॉन्टॅक्ट चिकटून बसतो. ‘एकदा चिकटला की मग टाकीत मासे राहत नाहीत,’ नाना म्हणाले, ‘रस्सा राहतो.’ मागे उभ्या बाईंनी लेकराचा हात धरला आणि गोल्डफिश न घेताच दुकान सोडलं. खरं तर गोल्डफिश गार पाण्यातला मासा, त्याला हीटर लागतच नाही. पण ते सांगायला नाना दारापर्यंत जाईस्तोवर बाई रिक्षात बसल्या होत्या.

पोराने शंभर वॉटचा दाखवला. जल्दी गरम होगा, म्हणाला. नानांनी खिशातून बसच्या तिकिटावर केलेला हिशेब काढला. टाकी दोन फूट बाय एक बाय एक, काठोकाठ छप्पन लिटर; वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पन्नास. लिटरला एक वॉट. पन्नासाला शंभर लावला आणि तो चिकटला, तर सकाळपर्यंत खेळ खलास. पन्नासचा एकच घेतला आणि तो मेला, तर रात्र गार. मग पंचवीसचे दोन घ्यावेत. एक चिकटला तरी एकट्याने पाणी उकळायची त्याची ऐपत नाही, एक मेला तरी दुसरा बऱ्यापैकी धरून ठेवतो. वर वेगळा थर्मामीटर, कारण हीटरच्या बुडख्यावरचे आकडे म्हणजे, नानांच्या शब्दांत, ‘ठेकेदाराचं वजन’.

एवढं ठरलं, तरी खरेदी झाली नाही. नाना डब्यांवर शिक्के शोधत बसले. बादलीत सोडायच्या रॉडला आयएस 368 चा आयएसआय मार्क असतो, तसं यावर काय आहे? काकूंचा धीर सुटत चालला होता. ‘मासे काकडू लागले. रात्री माझी गोधडी टाकीवर असते. एकदा अंबडला जाऊन मत्स्योदरीला कौल तरी लावा.’ अंबडच्या देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात, तेव्हा विषय तिच्याच खात्यातला होता.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसत होती, ती सांगायची की नाही हे ठरत नव्हतं. नानांच्या मोरीत अंघोळीचं पाणी तापवायला एक रॉड होता. वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. तो बादलीवर आडव्या लाटण्याला लटकायचा आणि पाणी तापलं का हे नाना बोट घालून बघायचे. बटण चालू ठेवून. एकदा मी बोललोच. नाना शांतपणे म्हणाले, ‘तो ओळखीचा आहे.’

शेवटी जानेवारीत हीटर आले. पण जोडणार कुठे? नानांनी टेस्टर आणि बल्ब घेऊन बैठकीतला सॉकेट तपासला, तर तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. घर बांधल्यापासून अर्थिंग नुसतं दिसायला होतं. दोन दिवसांत अंगणात खड्डा झाला. त्यात पाइप, कोळसा, मीठ. मेन बोर्डावर तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसलं. वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणत होता. हीटरच्या वायरी सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन वर नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातच गळून पडतो. भिंतीवर कागद लागला: ‘आधी बटण बंद. मग वीस मिनिटं थांबणे. मगच हीटर बाहेर. हुकुमावरून.’

काकूंनी फ्रिज उघडला आणि हात दांडीवर तसाच ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘झिणझिण्या गेल्या की हो. बारा वर्षं सांगू लागले मी. मासोळीचा जन्म घ्यायला पाहिजे होता.’

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला घरातली लाइट गेली. नानांनी बोर्ड पाहिला, आरसीसीबी पडलेलं. ‘सांगितलं होतं ना मी!’ त्यांनी विजयाने दोन्ही हीटरच्या पिना उपटल्या, खटका वर केला. लगेच खाली. फ्रिज काढला. तरी खाली. टीव्ही, मिक्सर, देवघरातली माळ, सगळं काढून झालं. मला हाक मारली तेव्हा मोरीतली एकच पिन राहिली होती.

नानांनी ती काढली. खटका वर केला. राहिला.

‘म्हणजे आता अर्थिंग मिळालं म्हणून रॉडमधली गळती तिकडे निघाली,’ नाना हळूहळू म्हणाले. ‘मग इतकी वर्षं ती...’ पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. आधी पायातल्या रबरी चपलांकडे पाहिलं, मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे, बराच वेळ.

बैठकीत मासे सव्वीस अंशांत फिरत होते. नानांनी त्या दिवशी गार पाण्याने अंघोळ केली.

सध्या ते गिझर बघू लागले आहेत. काकूंनी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढून चिंचेने घासून ठेवला आहे.