टोमॅटोची टिकटिक
१९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावला. पुढे पद्धत ठरली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. नाव ‘पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोच.

हा टोमॅटो आता पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत पिकतो.

एमपीएससीवाला आधी तीन अ‍ॅप उतरवून तपासतो. मग चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखतो. रेघ वाकडी गेली म्हणून पुन्हा आखतो. अखेर टायमर सुरू. बाविसाव्या मिनिटाला शेजारचा भुवई उडवतो आणि ५ मिनिटांची विश्रांती टपरीवर कटऑफच्या चर्चेत पाऊण तास रंगते. (खरी एकाग्रता बघायची तर तिथे.)

परत येतो तेव्हा लक्ष्मीकांतचं पुस्तक त्याच पानावर उघडं, वर पेन आडवं. टायमर पुन्हा २५ वर.