ब्राउझरची साफसफाई : प्राथमिक परिचय

ब्राउझरमध्ये दोन प्रकारचा ऐवज साठतो. पहिला माणूस स्वतः सांगून ठेवतो आणि पुन्हा कधी उघडत नाही. त्याला बुकमार्क म्हणतात. दुसरा ब्राउझर न विचारता ठेवतो आणि त्याच्यावाचून माणसाचे पान हलत नाही. यात हिस्टरी, कुकी आणि कॅशे येतात. साफसफाईची हुक्की आली की कुऱ्हाड नेमकी दुसऱ्यावर पडते आणि पहिला सुखरूप राहतो.

बुकमार्क करण्याइतके सोपे काम संगणकावर दुसरे नसेल. पत्त्याच्या पट्टीतील ताऱ्यावर टिचकी मारावी किंवा कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबावीत, झाले. घोटाळा होतो तो याच सोपेपणामुळे. लांबलचक लेख वाचायला अर्धा तास जातो, तारा भरायला क्षणही लागत नाही. आणि तारा भरला की लेख वाचल्याचे निम्मे समाधान तिथेच पदरात पडते. उरलेल्या निम्म्यासाठी सहसा कोणी परत येत नाही. १९९३च्या मोझेक ब्राउझरात या सोयीला ‘हॉटलिस्ट’ म्हणत. नेटस्केपने ‘बुकमार्क’ हे नाव रूढ केले, तर मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘फेव्हरिट्स’ म्हटले. परिणामी प्राप्तिकर भरण्याचे पानही आवडत्यांत जमा झाले.

घरातल्या सामाईक संगणकावरची यादी अभ्यासकाने एकदा तरी उघडून पाहावी. तीत उकडीच्या मोदकांची कृती पाच वेळा सापडते, कारण दर गणेशचतुर्थीला ती यादीत न शोधता गूगलवर नव्याने शोधली जाते आणि सापडल्याच्या आनंदात नव्याने साठवली जाते. दहावीच्या निकालाचे पान असते. ज्या मुलीचा निकाल होता ती एव्हाना नोकरीला लागलेली असते. बँकेचे पानही असते, पण ते लॉगिन केल्यानंतरचे. त्यामुळे ते उघडले की ‘आपले सेशन संपले आहे’ एवढेच कळते. शिस्तीच्या माणसांकडे फोल्डर असतात: ‘महत्त्वाचे’, ‘फार महत्त्वाचे’ आणि ‘नवीन फोल्डर’. खरोखर महत्त्वाचे जे असेल ते तिसऱ्यात मिळते.

या यादीतला बराच भाग मृत असतो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. बुकमार्क फक्त पत्ता साठवतो, मजकूर नाही, हे पुष्कळांना पान गेल्यावरच उमगते. तरीही तो पत्ता पुसवत नाही. असे पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधता येते. तिथे ते सापडले की माणूस त्याचाही बुकमार्क करतो.

यादी दुसऱ्या संगणकावर न्यायची तर बुकमार्क मॅनेजरमधून ती एक्स्पोर्ट करावी. एकच एचटीएमएल फाइल तयार होते. क्रोममधून काढा की फायरफॉक्समधून, तिच्या पहिल्या ओळीत नेटस्केपचे नाव असते. नेटस्केप २००८ मध्ये अधिकृतपणे बंद झाला. मालक जाऊन वर्षे लोटली तरी सातबाऱ्यावरचे नाव हटू नये, तशातला हा प्रकार.

आता न मागता साठणारा ऐवज. वेबच्या मूळ रचनेत सर्व्हरला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस त्याला नवाच वाटे. १९९४ मध्ये नेटस्केपमधील लू मोंटुली याने कुकी आणली आणि सर्व्हरला ओळख लागू लागली. कुकी म्हणजे साधारण चार किलोबाइटपर्यंतची मजकुराची चिठ्ठी. लॉगिन टिकते ते तिच्या जोरावर, आणि एकदा पाहिलेली चप्पल पुढचे दोन आठवडे प्रत्येक साइटवर मागे लागते, तेही बहुधा तिच्याच जोरावर. कॅशेमध्ये पानांवरची चित्रे आणि इतर फाइली राहतात, म्हणून दुसऱ्या खेपेला पान लवकर उघडते. हिस्टरी म्हणजे पाहिलेल्या पानांची रोजनिशी. पत्त्याच्या पट्टीत पहिले अक्षर टाइप होताच हवी ती साइट पुढे येते, ती मुख्यतः हिस्टरीची कृपा. बुकमार्क असूनही सगळे घर याच वाटेने ये-जा करते.

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली की पुसण्याची चौकट उघडते. साफसफाईचा भार सहसा सुट्टीला आलेल्या भाच्याकडे असतो. ‘मामी, किती कचरा साठवलायस!’ असे म्हणून तो मुदतीत ‘आतापर्यंतचे सगळे’ निवडतो, दिसेल त्या चौकोनात खूण करतो आणि पुण्याला परत जातो. दुसऱ्या दिवशी पहिले अक्षर टाइप करून काहीच पुढे येत नाही. बहुतेक सगळ्या साइट नव्याने लॉगिन मागतात. पासवर्डच्या चौकोनातही खूण झाली असेल, तर ब्राउझरने जपलेले पासवर्डही गेलेले असतात. सिंक चालू असल्यास हिस्टरी फोनवरूनही जाते. कुकी नाकारल्याची नोंददेखील बहुधा कुकीतच असते. ती पुसली की ‘कुकी चालतील का?’ हा प्रश्न प्रत्येक साइट पुन्हा पहिल्यापासून विचारते. मोदकांचे पाचही बुकमार्क मात्र जागच्या जागी असतात, कारण या चौकटीत बुकमार्कचा समावेशच नाही.

इन्कॉग्निटो खिडकीविषयीचे गैरसमज हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. इथे इतकेच सांगणे पुरे की ती बंद केल्यावर हिस्टरी आणि कुकी राहत नाहीत, पण तिथे डाउनलोड केलेली फाइल राहते, आणि तिथे तारा दाबला असेल तर बुकमार्कही राहतो. गुपित जपण्यासाठी ही खिडकी उघडून हौसेने तारा दाबणारे लोक आहेत.

व्यवहारात एवढे पाळले तरी भागते. एकच साइट बिघडली असेल तर तेवढ्याच साइटचा डेटा पुसावा. पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारून तिथवर पोहोचता येते. साइटचे जुनेच रूप दिसत असेल तर फक्त कॅशे पुसावी. तीत कोणाचे लॉगिन नसते. पासवर्डच्या चौकोनाला हात लावू नये. बुकमार्क पुसण्याचे धैर्य झालेच तर आधी यादी एक्स्पोर्ट करावी. ती फाइल मात्र डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, कारण भाच्याच्या पुढच्या सुट्टीत पाळी त्याच फोल्डरची असते.